पिंग जातं, पिक लिस्ट अडकते: भिवंडीच्या गोदामातला व्हीपीएन आणि १५०० चा हिशेब

या भागात आकडे बरेच आहेत आणि कानात हेडफोन घालून लोकलमध्ये उभं राहून आकडे लक्षात राहत नाहीत, हे आम्हालाही माहितीये. म्हणून हा भाग लिहून ठेवतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त हिशेब जरा नीट मांडलाय.

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला अजून पॉवरलूमच आठवतात. पण मुंबई-नाशिक हायवेला लागून मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात जाऊन बघा. गोदामाला गोदाम चिकटलेलं. मुंबईत जकात होती तेव्हा माल हद्दीबाहेर ठेवणं परवडायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट आणखी वाढली. आणि या प्रत्येक गोदामात एका कोपऱ्यात काचेची किंवा प्लायची केबिन असते, तिथे एक फायरवॉल, एक स्विच, फायबरचा एक पांढरा डबा आणि धूळ. आजची गोष्ट त्या कोपऱ्यातली आहे.

समजा मानकोलीच्या आत असंच एक गोदाम आहे. स्टॉकचं सॉफ्टवेअर अंधेरीच्या हेड ऑफिसमधल्या सर्व्हरवर. गोदामातली फायरवॉल आणि हेड ऑफिसची फायरवॉल यांच्यामध्ये आयपीसेकचा व्हीपीएन टनेल. १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. टनेल चालू आहे, हिरवा दिवा लागलाय.

आता लक्षणं ऐका. सर्व्हरला पिंग केलं की लगेच उत्तर येतं. लॉगिन होतं. एका मालाचा कोड टाकून स्टॉक बघितला तर दिसतो. पण २०० ओळींची पिक लिस्ट उघडली की चक्र फिरत बसतं. लेबलची पीडीएफ अर्ध्यावर लटकते. रिमोट डेस्कटॉप जोडला जातो आणि मग काळी स्क्रीन. शेअर फोल्डर उघडतं, आतल्या फायलींची नावंही दिसतात, फाइल कॉपी करायला गेलं की ठप्प.

संध्याकाळचे सहा. दोन ट्रक लावलेत, माथाडी कामगार बसून आहेत, ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी केबिनच्या दारात. सुपरवायझर म्हणतो, "अरे, यूट्यूब फुल्ल चालतंय, ई-वे बिलाची साइट उघडतेय, मग आपलंच का नाही चालत? तुझ्या फायरवॉलमध्येच काहीतरी आहे बघ."

केबिनमधला पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. तो ब्रॉडबँडवाल्याला फोन लावतो. तिकडून माणूस येतो, स्पीड टेस्ट करतो, ९८ दाखवतो आणि जातो. मग मालक म्हणतो, प्लॅन २०० चा घ्या. घेतात. पिक लिस्ट तिथेच.

यात चीड आणणारी गोष्ट अशी की सुपरवायझर निम्मा बरोबर आहे. पण पोराकडे ते दाखवायला पुरावा नाही, आणि पुरावा नसला की खापर फुटतं ते केबिनमधल्या सगळ्यात लहान माणसावर.

तर पहिली गोष्ट. छोटं जातंय आणि मोठं अडकतंय, हे नेट स्लो असल्याचं लक्षण नाहीये. स्लो नेटवर मोठी फाइल हळू येते, पण येते. इथे ती हलतच नाही. छोटं चालतंय आणि मोठं ठप्प होतंय, तर स्पीड सोडा, आकार बघा.

खोक्यात खोकं

इंटरनेटवरून जे काही जातं ते पॅकेटमध्ये जातं, आणि एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार ठरलेला असतो. त्याला एमटीयू म्हणतात. इथरनेटवर तो १५०० बाइट. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी इथरनेटचं स्पेसिफिकेशन काढलं तेव्हापासूनचा हा आकडा, आणि आजही तुमच्या लॅपटॉपवर तोच निघेल.

आता गोदामाच्या भाषेत बघू. कन्व्हेअरच्या तोंडाशी एक चौकट आहे, तिच्यातून १५०० चं खोकं बरोब्बर जातं. व्हीपीएन काय करतो? तुमचं खोकं उचलतो, कुलूपवाल्या पेटीत घालतो आणि पेटीवर नवीन पत्ता चिकटवतो. आतलं खोकं आधीच १५०० चं असेल तर पेटी १५०० पेक्षा मोठी होणारच. ती चौकटीतून जाणार नाही.

खोक्यावर आणखी एक स्टिकर असतं: "उघडून दोन भाग करू नयेत". ही खूण हल्ली जवळपास प्रत्येक टीसीपी पॅकेटवर असते. मग चौकटीवरच्या राउटरने काय करायचं? नियम असा आहे की खोकं टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला चिठ्ठी पाठवायची: "तुझा माल मोठा आहे, माझ्याकडून इतकाच जातो, लहान करून पाठव." ही चिठ्ठी म्हणजे आयसीएमपीचा एक संदेश, टाइप ३, कोड ४. चिठ्ठी मिळाली की पाठवणारा पुढची खोकी लहान करतो आणि काम सुरळीत. ही पद्धत जेफ्री मोगल आणि स्टीफन डिअरिंग यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये आरएफसी ११९१ मध्ये लिहिली. पाथ एमटीयू डिस्कव्हरी म्हणतात तिला. कागदावर एकदम छान.

अडचण वॉचमनची आहे. कुणीतरी कधीतरी फायरवॉल बसवताना ठरवलेलं असतं की आयसीएमपी म्हणजे पिंग, पिंग म्हणजे हॅकर, तेव्हा आयसीएमपी सरसकट बंद. वॉचमनला हुकूम: बाहेरून आलेली कुठलीच चिठ्ठी आत सोडायची नाही. झालं. चौकटीवाला चिठ्ठ्या पाठवतोय, वॉचमन फाडून टाकतोय, आणि पाठवणारा तेवढीच मोठी खोकी पुन्हा पुन्हा पाठवतोय. कुणालाच एरर दिसत नाही. नेटवर्कवाले याला ब्लॅकहोल म्हणतात. हे काही नवीन दुखणं नाही. सप्टेंबर २००० मध्ये आरएफसी २९२३ या कागदात याची सगळी लक्षणं लिहून झालीयेत. म्हणजे केबिनमधल्या पोराच्या जन्माच्या आधीचं हे.

मग यूट्यूब का चालतं?

सुपरवायझरचा हा प्रश्न खरंतर सगळ्यात हुशार प्रश्न आहे. त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे.

आपल्याकडची बरीच फायबर कनेक्शनं पीपीपीओई वापरतात. युजरनेम-पासवर्ड टाकून डायल होणारी. त्या पीपीपीओईचे स्वतःचे ८ बाइट लागतात, म्हणून त्या लाइनवर १५०० जात नाही, १४९२ च जातं. आणि डायल कोण करतं? बऱ्याचदा तो पांढरा डबा. फायरवॉल त्याच्या मागे बसलेली, तिला वाटतं बाहेर १५०० ची मोकळी वाट आहे.

साध्या ब्राउझिंगला हा ८ बाइटचा फरक जाणवत नाही, कारण डबा एक हुशारी करतो. टीसीपीचं कनेक्शन जोडताना दोन्ही बाजू एकमेकांना सांगतात की "मी एका वेळी इतका डेटा घेईन." या आकड्याला एमएसएस म्हणतात. १५०० मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० वजा केले की १४६०. डबा हा आकडा जाताजाता खोडून १४५२ करतो. दोन्ही बाजूंना वाटतं समोरच्यानेच तसं सांगितलं, आणि खोकी पहिल्यापासूनच लहान निघतात. यूट्यूब, ई-वे बिल, व्हॉट्सॲप वेब, सगळं चालतं.

पण टनेलमधलं कनेक्शन कुलूपबंद पेटीत आहे. डब्याला आतला आकडा दिसतच नाही, तर खोडणार काय? म्हणून एकाच लाइनवर यूट्यूब धावतं आणि पिक लिस्ट मरते. ब्रॉडबँडवाल्याची स्पीड टेस्टही टनेलबाहेरून जाते, म्हणून ९८ दाखवते. तो खोटं बोलत नव्हता. आणि प्लॅन २०० चा केल्याने चौकट काही रुंद होत नाही.

आता मोजू

आमच्या मते सगळा भाग एकीकडे आणि हे पुढचं एकीकडे, कारण मोजल्याशिवाय सेटिंग बदलणं म्हणजे अंधारात गाठी सोडणं.

गोदामातल्या विंडोज पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. पिंग लिहा, स्पेस, डॅश एफ, स्पेस, डॅश एल, स्पेस, आकडा, स्पेस, आणि हेड ऑफिसच्या सर्व्हरचा आतला पत्ता. आतला पत्ता हं, टनेलमधून जाणारा, बाहेरचा नाही. डॅश एफ म्हणजे "दोन भाग करू नयेत" हे स्टिकर. लिनक्सवर डॅश कॅपिटल एम, मग डू, मग डॅश एस आणि आकडा. मॅकवर डॅश कॅपिटल डी, मग डॅश एस. तुम्ही जो आकडा टाकता त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ असे २८ बाइट मिळवायचे. म्हणजे १४७२ टाकलं की पॅकेट १५०० चं होतं. इथे खूप जण गडबडतात. १५०० टाकतात, साध्या लाइनवरही ते जात नाही, आणि मग भलत्याच मागे लागतात.

आपल्या गोदामात तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात, आणि सगळी मजा त्या फरकातच आहे.

१४७२ टाकलं तर लगेच संदेश येतो की पॅकेट तोडावं लागेल पण तोडायची परवानगी नाही. हे चांगलं उत्तर आहे. कुणीतरी, म्हणजे आपलीच फायरवॉल, तोंडाने सांगतेय की मोठं आहे.

१४१० टाकलं तर काहीच येत नाही. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. चारही वेळा.

१४०२ टाकलं तर उत्तर येतं. १४०३ ला पुन्हा शांतता.

नकार मिळतोय तिथे भीती नाही. शांतता आहे तिथे चोर आहे. १४०३ ते १४१० या आठ बाइटच्या फटीत पॅकेट गायब होतायत, आणि आठ हा आकडा कुठून आला ते आता ओळखीचं वाटेल. पीपीपीओईचे आठ.

हिशेब कसा लागतो ते बघा. टनेल एईएस-जीसीएमचा आहे आणि फायरवॉल डब्यामागे असल्यामुळे नॅट ट्रॅव्हर्सल चालू आहे, असं धरू. नवीन आयपी पत्त्याचे २०, नॅटसाठी यूडीपीचे ८, ईएसपीच्या डोक्याचे ८, आयव्हीचे ८ आणि शेवटच्या सहीचे १६. झाले ६०. शिवाय शेपटाचे २, आणि चारच्या पटीत बसवायला लागली तर थोडी भर. फायरवॉल १५०० धरून चालते. ६० गेले, १४४० राहिले, शेपटाचे २ गेले, १४३८. म्हणून ती १४३८ पर्यंतचं पॅकेट बिनधास्त पेटीत घालते. पण डब्यावर १४९२ चीच चौकट आहे. तिथे तोच हिशेब केला की १४३० निघतो. १४३० मधून २८ वजा केले की १४०२. मोजलेला आकडा आणि हिशेबाचा आकडा एकच. असं जुळलं की त्या पोराने तो कागद मालकासमोर ठेवावा.

तुमच्याकडे सायफर वेगळा असेल, नॅट नसेल, तर आकडे थोडे हलतील. म्हणून आमचे आकडे उचलू नका, पद्धत उचला. आणि एक सावधगिरी: काही फायरवॉलमध्ये "तोडू नये" हे स्टिकर काढून टाकायचं सेटिंग चालू असतं. तसं असेल तर मोठं पिंगही जाईल आणि सगळं ठीक वाटेल. आधी ते बघून घ्या.

दुरुस्ती, महत्त्वाच्या क्रमाने

सगळ्यात आधी टनेलवर एमएसएस क्लॅम्प करा. डबा यूट्यूबसाठी जी खोडाखोड करतो तीच खोडाखोड आपल्या फायरवॉलने पेटीत घालायच्या आधी करायची. १४३० वजा ४०, म्हणजे १३९०. आम्ही म्हणू १३५० ठेवा. एका पॅकेटमागे ४० बाइट गेले, तीन टक्केही नाहीत, पण उद्या सायफर बदलला किंवा लाइन बदलली तरी पिक लिस्ट चालेल. बहुतेक फायरवॉलवर हे टनेलच्या इंटरफेसवर किंवा त्या पॉलिसीत सापडतं, नावात टीसीपी एमएसएस असतं. क्लॅम्प जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही दिशांच्या जोडणीला लागत असेल तर एका टोकाला केलं तरी भागतं. हेड ऑफिसची फायरवॉल ज्याच्या ताब्यात आहे तो फोन उचलत नसेल, तर ही माहिती सोन्यासारखी आहे.

आता ज्याने माणसं हमखास फसतात ते. एमएसएस कनेक्शन जोडतानाच ठरतो. आधीपासून चालू असलेल्या सेशनला नवीन आकडा लागत नाही. तेव्हा सेटिंग बदलल्यावर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, रिमोट डेस्कटॉप तोडून पुन्हा जोडा, आणि मग बघा. नाहीतर योग्य सेटिंग केलेलं असतं, जुन्या सेशनवर तपासलं जातं, "काही फरक नाही" म्हणून परत फिरवलं जातं, आणि रात्र जाते.

दुसरं, फायरवॉलला खरं सांगा. डबा ब्रिज मोडमध्ये घालून डायल फायरवॉलकडून करून घेतलं तर तिला १४९२ आपोआप कळतं. ते जमत नसेल तर तिच्या बाहेरच्या इंटरफेसचा एमटीयू हाताने १४९२ करा. मग ती आत बसलेल्या पीसीला योग्य चिठ्ठी देईल.

तिसरं, वॉचमनचा हुकूम बदला, आणि हा दोन्ही टोकांना. पिक लिस्टचा मोठा डेटा अंधेरीकडून मानकोलीकडे येतो, म्हणजे "मोठं आहे" ही चिठ्ठी अंधेरीच्या फायरवॉलकडे जाते आणि फाटते तीही तिथेच. बाहेरून येणारं पिंग बंद ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण टाइप ३ कोड ४ आत येऊ द्या. आयपीव्ही६ वर तर हे सक्तीचंच समजा, कारण तिथे वाटेतला राउटर पॅकेट तोडतच नाही. तिथली चिठ्ठी वेगळी आहे, "पॅकेट टू बिग" नावाची. ती अडवली की सुटका नाही.

आणि जे करू नका असं म्हणू ते म्हणजे गोदामातल्या प्रत्येक पीसीवर जाऊन एमटीयू १३०० करणं. चाळीस पीसी, वर हँडहेल्ड स्कॅनर, वर लेबल प्रिंटर. एक राहतोच, आणि सहा महिन्यांनी नवीन पीसी आला की तोच रडतो. आकडा एका जागी ठेवा, टनेलवर. स्टिकर काढून पेट्या तोडत पाठवण्याचा मार्गही असतो, निकडीला चालतो. पण एक तुकडा हरवला तर अख्खं पॅकेट वाया जातं, आणि वाटेतली काही उपकरणं तुकडे नीट सोडत नाहीत. दोन तास काढायला ठीक.

बॅकअप लाइन विसरू नका. भिवंडीत रस्त्याचं खोदकाम निघालं की फायबर तुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मग गोदाम फोरजी किंवा फाइव्हजी डोंगलवर जातं, आणि मोबाइल नेटवर्कचा आकार फायबरपेक्षा वेगळा असू शकतो. डोंगलवर असतानाही तेच पिंग करून आकडा काढा, दोन्हींत जो लहान तो धरा. १३५० ठेवा असं म्हणालो ते यासाठीच.

फोनवर काय करायचं

तुमच्यापैकी बहुतेकांकडे फायरवॉल नाही, फोन आहे. ऑफिसचा किंवा कॉलेजचा व्हीपीएन फोनवर लावलाय, कनेक्टेड दिसतं, मेसेज येतात, पण फोटो चढत नाही आणि काही साइट पांढऱ्याच राहतात. दुखणं तेच.

वायरगार्ड वापरत असाल तर टनेल एडिट करा, इंटरफेसच्या खाली एमटीयू नावाचा रकाना आहे. वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२०. म्हणजे १५०० मधून ८० गेले: आयपीव्ही६ चे ४०, यूडीपीचे ८, वायरगार्डचे ३२. घरच्या पीपीपीओई फायबरवर तोच हिशेब १४१२ होतो. मोजत बसायचं नसेल तर रकान्यात १२८० टाका. आयपीव्ही६ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक लाइनने निदान एवढं तरी न्यायलाच पाहिजे, त्यामुळे आतला तुमचा पत्ता आयपीव्ही६ चा असला तरी त्याखाली जाऊ नका. सेव्ह करा, टनेल बंद करून पुन्हा चालू करा, आणि फोटो पाठवून बघा. गेला, तर कारण आकारच होतं. नाही गेला, तर आकडा होता तसा परत ठेवा आणि दुसरं कारण शोधा.

गोदामवाल्या मित्रांनो, तुमच्यासाठी एक शेवटचं. फायरवॉलमध्ये त्या नियमाच्या वर्णनाचा रकाना असतो, तो नेहमी रिकामा असतो. तिथे चार शब्द टाका: "पीपीपीओई, मोजलेला १४३०, एमएसएस १३५०", आणि तारीख. तुम्ही नोकरी बदलल्यावर त्या केबिनमध्ये जो बसेल, त्याला हा आकडा कुठून आला ते कळेल आणि तो "हे काय विचित्र सेटिंग" म्हणून काढून टाकणार नाही.